जाळीची शेगडी, बिनजाळीची शेगडी

अंधेरीत राहून मी एकतीस वर्षं घर गरम करायच्या शेगड्या तपासल्या. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. अंधेरीतली थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस पंखा दोनवर ठेवायचा, एवढीच. पण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लाकडावर चालणाऱ्या लोखंडी शेगड्या बनायच्या आणि कंटेनरात बसून बर्फाच्या देशांत जायच्या. त्यातली प्रत्येक माझ्या हाताखालून जायची. दाराला फट आहे का, सांधा गळतो का, पाय डुगडुगतो का, ते मी बघायचो आणि एक तर पासचा शिक्का मारायचो, नाहीतर खडूने फुली. आमचे मालक श्यामसुंदर शेठ म्हणायचे, सहदेव फुली मारताना हसतो आणि शिक्का मारताना रडतो. ते काही खोटं नव्हतं. दुसऱ्याची चूक सापडली की मला बरं वाटतं. पाहिजे तर माझ्या बायकोला विचारा.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे. आणि ती माझ्या पदरात घालणाऱ्या बाईचं नाव पार्वतीवहिनी.

पार्वतीवहिनी वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या, माझ्या बिल्डिंगपासून चालत सात मिनिटांवर. लग्न होऊन मढहून आल्या, म्हणजे खाडीच्या पलीकडून अलीकडे. पुढची तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात पाटी मांडून बसल्या. मी मूळचा मालवणकडचा, त्यामुळे माशाच्या बाबतीत समोरच्यावर विश्वास ठेवायची आम्हाला सवय नाही. मी कल्ला उघडून बघायचो, पोट दाबून बघायचो, डोळे बघायचो. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुमी मासा घेता का मास्याची परीक्षा घेता?" तेव्हापासून ओळख झाली. त्यांचे यजमान रामनाथ नाखवा, स्वतःची होडी असलेला माणूस. त्यांचं आणि माझं जमलं, कारण दोघांनाही गप्प बसायला आवडायचं. आठ वर्षांपूर्वी ते गेले, बसल्या जागी, जाळ्याची गाठ मारता मारता.

मुलगा प्रीतम दर्यावर गेला नाही. सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत नोकरीला लागला. वहिनींचे गुडघे बोलायला लागले तसा बाजार सुटला. आता इतर बायका अशा वेळी टीव्हीसमोर बसतात. ह्या बाई सहा दिवस बसल्या आणि सातव्या दिवशी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या विकायला काढल्या. दोन हॉटेलं रोजची बांधलेली, आणि कोळीवाड्यात कुणाची हळद असली की ती ऑर्डर वेगळी. संध्याकाळी पाच ते साडेसात त्या चुलीपुढे असायच्या. दीडशे भाकऱ्या, प्रत्येक हातावर थापलेली, पांढरी, पातळ, कडेला एक भेग नाही. मी भेग शोधली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

घर जुन्या पद्धतीचं. खाली बाहेरची खोली आणि मागे स्वयंपाकघर, वर लाकडी माळा. माळ्यावर प्रीतम, त्याची बायको रुचिका आणि दीड वर्षांची प्रांजल. चूल खाली, पोर वर. आणि धुराला काय, तो वरच जाणार.

प्रांजलची छाती घरघरायला लागली ती सहाव्या महिन्यापासून. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग वाफ देणं आलं, मग दर पंधरा दिवसांनी डॉक्टर. शेवटी डॉक्टर साफ बोलले, या मुलीच्या घरात धूर चालणार नाही, अजिबात नाही. रुचिका दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मुलुंडला माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना सासूच्या पाया पडून गेली. महिन्याभरात पोरीची घरघर थांबली.

वहिनींनी त्याच दिवशी चूल विझवली होती. दोन महिने गॅसवर हात मारून बघितला. भाकरी फुगायची नाही, फुगली तर कडक व्हायची. एका हॉटेलवाल्याने तोंडावर सांगितलं की हे नको. त्या घरी आल्या आणि प्रीतमला म्हणाल्या, "बंद करतंय मी. माजी पोर घरी येऊ दे, बस झाला." प्रीतमने ते बायकोला फोनवर सांगितलं. आणि रुचिका नाही म्हणाली.

"आईंची चूल विझवून मी त्या घरात शिरले, तर मला तिथे जन्मात मोकळं वाटणार नाही," ती म्हणाली. "धूर घालव. चूल नको घालवू."

मग पोरगं माझ्याकडे आलं. "काका, वाट लागलीय यार. तुम्ही जन्मभर बिनधुराच्या शेगड्या बनवल्या ना? एक द्या."

बनवल्या नाहीत, तपासल्या, असं मी त्याला आधी सुनावलं. मग चप्पल घालून श्यामसुंदर शेठकडे गेलो.

कारखाना आता वसईला गेलाय, पण एमआयडीसीत शेठचं एक गोडाऊन अजून आहे. तिथे कोपऱ्यात नमुन्याच्या दोन शेगड्या धूळ खात उभ्या होत्या. दोन्हींच्या डोक्यावर बिडाचा जाड सपाट पत्रा, त्यामुळे भाकरी थेट त्यावरच भाजता येणार होती, एका वेळी तीन. शेठ म्हणाले, "कुठलीही एक ने. दुसरी पुढच्या महिन्यात वसईला जाईल."

फरक सांगतो. एका शेगडीच्या पोटात, वरच्या अंगाला, जाळी असते. साधी तारेची नव्हे. भाजलेल्या मातीची वडी, मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, आणि तिच्यावर फार महाग धातूचा मुलामा. शेगडी पुरेशी तापली की एक दांडा ढकलायचा. मग धूर पाइपात न जाता जाळीतून जातो आणि मुलाम्याला लागला की मंद आगीतसुद्धा तिथल्या तिथे जळून जातो. दुसऱ्या शेगडीत असलं काही नाही. भट्टीच्या विटा, वर एक आडवी फळी विटेचीच, आणि मागच्या बाजूने गरम हवा सोडणाऱ्या भोकांच्या नळ्या. आग चांगली भडकलेली असेल तर धूर त्या हवेत पेट घेतो. आग मंद असेल तर मात्र ती धूर सोडते.

कारखान्यात जाळीची शेगडी म्हणजे राजकन्या. तिच्या तपासणीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. मी प्रीतमला म्हटलं, "जाळीची न्यायची. बेस्ट ती बेस्ट." दुसरीकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

एका रविवारी ती बसवली. जुनी चूल फोडली, माळ्यातून छपरापर्यंत पाइप काढला, वर टोपी घातली. वहिनी सगळं बघत होत्या आणि मधे मधे माझी खेचत होत्या. "एवरी मोठी शेगरी! हिच्यात भाकर भाजायची का नवरदेव बसवायचा?" मी त्यांना उष्णतेचा काटा दाखवला, काटा इथवर आला की दांडा ढकलायचा हे शिकवलं. त्यांनी एकदाच ऐकलं आणि बरोब्बर केलं. मग मी इन्स्पेक्टरच्या थाटात विचारलं, "लाकूड कोरडं आहे ना?"

"कोरडा? वर्सानुवर्सं उन्हात सुकलेला हाय."

मागच्या दारी ताडपत्रीखाली रचलेल्या ढिगातून मी एक फळकूट उचललं, दुसऱ्यावर आपटलं. ठणठणीत आवाज आला. छान, म्हटलं. फळकूट होतं तसं परत ठेवलं. उलटून पाहिलं नाही.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! पाइपाच्या टोपीतून नुसती हवा थरथरताना दिसायची. शेजारपाजारचे लोक बघायला यायचे. मीही रोज संध्याकाळी सहाला काहीतरी निमित्त काढून जायचो आणि भाकरी खाऊन यायचो. रुचिका एका शनिवारी एकटीच आली, तासभर माळ्यावर बसली, उशीला नाक लावून पाहिलं. खाली येऊन म्हणाली, "आई, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आणते तिला. तोपर्यंत असंच राहिलं तर कायमची." वहिनी त्या दिवसापासून बोटांवर दिवस मोजायला लागल्या. एका संध्याकाळी मला विचारलं, माळ्याच्या खिडकीला पोरीसाठी गज लावायचे तर कोणाला सांगू. मी म्हटलं, आधी येऊ तर दे तिला. त्या माझ्यावर डाफरल्या.

आणि तिसरा आठवडा संपता संपता शेगडी बिघडली.

आधी पाइपातून निळसर धूर दिसला. मग दांडा ढकलला की आग गुदमरायची. मग एका बुधवारी वहिनींनी लाकूड घालायला दार उघडलं आणि भपकन सगळा धूर घरात आला. मी पोचलो तेव्हा त्या डोळे पुसत दारात उभ्या होत्या आणि माळा धुराने भरला होता. रविवार चार दिवसांवर.

इथे माझा स्वभाव आडवा आला. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे, "वहिनी, दांडा वेळेआधी ढकललात ना? काटा न बघता?"

"नाय भाऊ. काटा बगितल्याबिगर नाय ढकलत मी."

"मग दार उघडं टाकलं असणार. मशीन असं आपोआप बिघडत नाही. माणूस बिघडवतो." मी आणखी दोन-चार गोष्टी बोललो, त्या इथे लिहीत नाही. प्रीतम म्हणाला, "काका, आरामात ना." बाजारात एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी बाई, ती खाली मान घालून कडाप्पा पुसत राहिली. रविवारच्या भीतीने तिचं तोंड बंद झालं होतं आणि मला वाटलं मी जिंकलो.

शेगडी थंड झाल्यावर मी जाळी बाहेर काढली. भोकं अर्धी बुजली होती. वर पांढरट, मधे कुठेकुठे हिरवट खरपुडी. अशी जाळी मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. नियमाप्रमाणे ब्रशने झाडली, व्हिनेगरच्या पाण्यात उकळली, दुसऱ्या दिवशी सुकवून परत बसवली. पेटवली. काटा वर चढला, दांडा ढकलला, आणि पुन्हा तोच धूर. जाळी मेली होती. ती का मेली ते मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याचा मला राग येतो. मी शेगडीचं दार उघडं टाकून आगीकडे बघत बसलो.

वहिनी शेजारी येऊन बसल्या. आगीकडे बघून म्हणाल्या, "आग कशी छान दिसते ना, निली-हिरवी? दर्याच्या पान्यासारखी. पैल्यापासना अशीच. मना लय आवरते."

इतके दिवस मी पाइपाच्या टोपीकडेच बघत आलो होतो, आगीचा रंग आत्ता पहिल्यांदा पाहिला.

लाकडाची आग पिवळी असते, केशरी असते. निळी-हिरवी होते ती एकाच कारणाने, लाकडात दुसरं काहीतरी असलं तर. मी उठलो, मागच्या दारी गेलो, ताडपत्री ओढून काढली आणि ढिगातलं एक एक फळकूट उलटं केलं. निळा रंग. लाल रंग. परत निळा. थरावर थर, वर्षानुवर्षांचा तेलरंग, आणि कुठे कुठे डांबर. एका तुकड्यावर पांढऱ्या अक्षरांचा अर्धा भाग होता.

"वहिनी, हे काय आहे?"

"माजे होरीची लाकरां हायती ती." त्यांना प्रश्नच समजला नाही. "नाखव्याची होरी. दोन वर्सांमागं फोरली ना, किनाऱ्यावर परून कुजत होती म्हनून. मग टाकून कशी देनार? घरी आनली. रोज दोन-दोन फल्या जालते. मना वाटते, अजून नाखवाच घर चालवतो."

दोन वर्षं. प्रांजल दीड वर्षाची. त्याआधी त्याच जुन्या चुलीत बाभळीची लाकडं जळत होती आणि त्याच माळ्यावर प्रीतम लहानाचा मोठा झाला होता, कधी खोकला नाही.

त्या शेगडीबरोबर एक पुस्तिका जायची. पहिल्या पानावर चौकटीत सूचना असायची: रंगवलेलं लाकूड आणि समुद्राच्या पाण्यात मुरलेलं लाकूड कधीही जाळू नये. जाळी खलास होते, लोखंड गंजून जातं, आणि रंगाचा धूर श्वासात जाणं फार वाईट. ती पुस्तिका प्रत्येक खोक्यात आहे की नाही हे तपासणं माझं काम होतं. एकतीस वर्षं ती मी खोक्यात घातली. आणि कोळीवाड्यात, जिथे प्रत्येक घराच्या मागे जुन्या होडीची फळी असते, तिथे येऊन मी फक्त विचारलं, लाकूड कोरडं आहे ना?

मला ते सांगणं भाग होतं. मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. रंगात काय असतं, खारं लाकूड जळताना काय सोडतं, ते माळ्यावर कसं जातं. शेवटी म्हटलं, "दांड्याचं खोटं बोललो मी. तुमचा हात बरोबर होता. चूक माझी आहे."

त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "म्हंजे माजे पोरीच्या छातीत... ह्या होरीचा रंग गेला?"

"हो."

"मीच जालली ती."

"तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

मला वाटलं, आता रडतील. मला रडणाऱ्या माणसापुढे काय करावं ते सुचत नाही, म्हणून मी उगाच हातातलं फळकूट निरखत राहिलो. पण त्या रडल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि शेजारच्या चंद्रप्रकाश नाखव्याला हाक मारली. "चंदू, ये रे. ही लाकरां घेऊन जा. समदी. धक्क्यावर बसायला बाकं कर, मासली सुकवायला मांडव कर, काय पन कर. फक्त जालू नको. कोनाला जालू पन देऊ नको."

चंद्रप्रकाश गोंधळला. "काकी, काकांची होरी हाय ती."

"म्हनून तर. त्यांची नात हाय ती पोर."

दोन हातगाड्या भरल्या. त्या दारात उभ्या राहून शेवटची फळी जाईपर्यंत बघत होत्या. मग आत आल्या, शेगडीकडे बोट केलं आणि मला विचारलं, "आता हिचा काय?"

मी म्हटलं नवीन जाळी मागवता येईल, पण ती परदेशातून यायला दोन महिने लागतील. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदा, या बाईने मला तो प्रश्न विचारला जो मीच आधी विचारायला हवा होता.

"भाऊ, ही जालीची शेगरी कोनासाठी बनवली होती?"

"थंड मुलखातल्या माणसांसाठी. ते संध्याकाळी हिच्यात ओंडके भरतात, हवा कमी करतात आणि झोपतात. आग आठ-दहा तास मंद धुमसत राहते. मंद आगीला धूर जास्त, तो जाळी खाते."

"आनि ती दुसरी? तिकरंच ठेवून आलात ती?"

"ती भडकत्या आगीसाठी. आग मोठी असली तरच तिचं काम चालतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बाजारात शिळा मासा परत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा. "माजी भाकर मंद आगीवर होते काय? पाच ते सारेसात भरकती आग लागते मना. सारेसातला इझवते. रातभर शेगरी पेटवून मी कोनाला शेकू?"

प्रीतम इतका हसला की खाली बसला. मीही हसलो, पण उशिरा. एवढं साधं होतं ते. मी तिला सर्वांत उत्तम शेगडी दिली होती, आणि तिला हवी होती तिची शेगडी. जन्मभर वस्तू तपासली मी. वापरणारं माणूस कुठल्या वेळी काय करतं, हे कधी विचारलंच नाही. तसं ते माझ्या कामात येतही नव्हतं, पण हा झाला बहाणा.

तरी मला हलकं वाटलं, हे कबूल करतो. पोरीच्या छातीचं कारण सापडलं होतं. ते घरात नव्हतं, बाईच्या हातात नव्हतं, चुलीतही नव्हतं. ते आत्ता हातगाडीवर बसून धक्क्याकडे चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी टेम्पो करून बिनजाळीची शेगडी आणली. श्यामसुंदर शेठने कारण विचारलं. मी खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुझा माल परत आला, सहदेव." जोगेश्वरीच्या वखारीतून बाभळीचं चिरलेलं लाकूड आणलं. वहिनींनी प्रत्येक तुकडा उलटून पाहिला, चारही बाजूंनी. त्या दिवशी आणि शनिवारी त्यांनी शेगडी हाताखाली घेतली. आधी बारीक काटक्या, दार जरा उघडं, पंधरा मिनिटं मोठा जाळ, मग जाड लाकूड आणि दार बंद. सुरुवातीची पाच मिनिटं पाइपातून थोडा धूर यायचा. तो छपराच्या वर जाऊन विरायचा. नंतर दाराच्या काचेतून पाहिलं तर वरच्या नळ्यांच्या भोकांतून पिवळ्या ज्वाळा बाहेर येताना दिसायच्या, म्हणजे धूर तिथेच जळत होता. वहिनी म्हणाल्या, हिला काटा नाय, दांडा नाय, हिला मी समजते.

शनिवारी दिवसभर प्रीतमने माळा धुतला. भिंती, खिडकी, गाद्यांचे अभ्रे. दोन बादल्या काळं पाणी निघालं.

रविवारी नेमकी कोळीवाड्यात हळद होती, दोनशे भाकऱ्यांची ऑर्डर. प्रीतम म्हणाला, नको आज, आज रुचिका येणार. वहिनी म्हणाल्या, "आजच पायजे. खोटी परीक्षा कशाला देऊ मी तिना?"

रुचिका साडेपाचला आली. खांद्यावर एक लहानशी पिशवी, कडेवर प्रांजल. त्या पिशवीत वाफ द्यायचं मशीन आणि दोन फ्रॉक होते. एवढंच, म्हणजे परत जायची तयारी ठेवूनच आली होती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. तिने पोरीला बाहेरच्या खोलीत प्रीतमकडे दिलं आणि एकटी वर गेली. खाली शेगडीवर भाकऱ्या चालू होत्या, तीन-तीनच्या. पीठ मळायला शेजारच्या दोन बायका होत्या. मी बाहेर ओट्यावर बसून छपराच्या टोपीकडे बघत होतो. कारखान्यात मी कधी देवाचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं.

रुचिका अर्धा तास वर होती. मग खाली आली, प्रीतमकडून पोर घेतली आणि तिला घेऊन पुन्हा वर गेली. आणखी अर्धा तास. वरून पोरीच्या पायांचा आवाज येत होता, लाकडी फळ्यांवर धप धप धप. खोकला येत नव्हता. वहिनी भाकरी थापत होत्या, पण त्यांचं सगळं ध्यान छताकडे. दर दोन मिनिटांनी हात थांबायचा आणि पुन्हा चालायचा.

सातच्या सुमाराला रुचिका पोरीला घेऊन जिना उतरली आणि सरळ स्वयंपाकघरात आली, शेगडीपाशी. वहिनी पाटावर होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. प्रांजलने आजीला तीन महिने फक्त फोनवर पाहिलं होतं. ती आधी बघत राहिली आणि मग हात पुढे केले.

वहिनी मागे सरकल्या. "थांब, थांब गो बाय. माज्या लुगऱ्याला धुराचा वास आसंल. अंघोल करून येतंय, मग घेतंय."

रुचिका खाली वाकली. सासूच्या खांद्याला नाक लावलं, लुगड्यात, अगदी लहान मुलासारखं, आणि तसंच दोन-तीन श्वास घेतले.

"भाकरीचा वास आहे, आई," ती म्हणाली. "घ्या."

आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

वहिनींचे हात पीठ लागू नये म्हणून वरच राहिले. मग त्यांनी ते खाली आणले आणि पोरीला घट्ट धरलं, पिठासकट. नवरा गेला तेव्हा ज्या बाईला मी रडताना पाहिलं नव्हतं, ती आता हुंदके देऊन रडत होती. प्रांजल त्यांच्या गालावरचं पीठ बोटाने पुसत होती. प्रीतम दारात उभा राहून नाक ओढत होता. मी मनातल्या मनात सुटलो, सुटलो म्हणत होतो. माझेही डोळे भरले, आणि या वेळी दोष द्यायला धूर नव्हता.

शेगडीवरच्या तीन भाकऱ्या करपायला लागल्या. रुचिकाने त्या काढल्या, पदर खोचला आणि सासूच्या शेजारी पाट ओढून बसली. "तुम्ही धरा तिला. राहिलेल्या मी करते."

पिठाचा गोळा घेतला, थापला. मुलुंडच्या घरी तिने कधी तांदळाची भाकरी केली नसावी. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि कडेला बोटभर भेग. तिने ती तशीच शेगडीवर टाकली आणि सासूकडे बघितलं. शेजारच्या दोघी बायकांनी तोंडाला पदर लावला. मी तोंड उघडणार होतो, पण वहिनींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मिटलं.

मग त्यांनी त्या भाकरीकडे बराच वेळ बघितलं. पोर त्यांच्या छातीवर डोकं टेकून, बिनघरघरीचा, सावकाश श्वास घेत होती.

"बरी झाली," वहिनी म्हणाल्या.